वायर बदलली, तरी उडी चुकली

ईरा आणि तनय,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तनयने मला विचारलं, "आजी, तू ऑफिसात काय काम करायचीस?" मी म्हटलं, ऑफिस नव्हतं रे, दुकान होतं. "कशाचं?" "वायरींचं." त्यावर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात, आणि ईराने माझी समजूत घातल्यासारखं म्हटलं, "चालतं गं आजी, तेही काम चांगलंच आहे."

मी फोन ठेवला आणि ठरवलं की हे आता लिहून काढायचं. याच उन्हाळ्यात आम्ही दुकान बंद केलं. अजून डोळे मिटले की कुठली वायर कुठल्या खणात होती ते हाताला आठवतं. ही आठवण किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. त्यातच इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई "उद्योजिकेचे अनुभव" मागत होत्या. उद्योजिका हा शब्द मला जरा मोठा होतो, साडी नवीन असली की चालताना पायात येते तसा. पण लेख द्यायचं कबूल केलं. तुमचं मराठी वाचन आईच्या मदतीने चालतं, म्हणून वाक्यं सोपी ठेवते आहे. अंकाच्या मोठ्या वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

मी मूळची धुळ्याची. घरात अहिराणी बोलायची आणि कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायची. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा तुमच्या आबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा हात सोन्याचा, पण यंत्रांच्या पाठीवर जे बारीक अक्षरांत छापलेलं असे त्याचा त्यांना कंटाळा. ते काम माझ्याकडे आलं. कवितांचा अभ्यास केलेली बाई पुढे सारं आयुष्य "इन" आणि "आउट" एवढे दोन शब्द वाचत बसली, असं आबा चारचौघांत सांगत. ते खरंच आहे. पण हे दोन शब्द उलटे वाचल्यामुळे "टीव्ही जळाला" म्हणून रडत आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की मला त्या शब्दांचा कमीपणा कधी वाटला नाही.

आबा टीव्ही उघडत. मी टीव्हीच्या बाहेरचं बघे. त्यातही माझं खास काम म्हणजे टीव्हीला जोडायचे खेळ, व्हिडिओ गेम. तुम्ही आता ज्याच्यापुढून उठत नाही, त्याचे आजी-आजोबा म्हणा.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर मी डब्याचं उदाहरण देई. खेळाच्या यंत्रातून टीव्हीकडे जेवण पाठवायचं आहे. अगदी सुरुवातीला अँटेनाच्या वायरीतून जायचं. म्हणजे वरण, भाजी, ताक सगळं एकाच डब्यात ओतलेलं. पोचतं, पण कशाची चव कशाला लागेल याचा नेम नाही. मग आल्या तीन पिना: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. आता ताक वेगळं झालं, पण वरण आणि भाजी अजून एकत्रच. त्यानंतर पाच पिनांची वायर आली. तिच्यात चित्राचेच तीन भाग करून तीन पिनांतून पाठवतात, आवाज दोन पिनांतून. प्रत्येक पदार्थाला आपला डबा. यंत्र तेच, खेळ तोच, टीव्ही तोच. फक्त वायर बदलली की धुरकट दिसणाऱ्या गवताची पाती दिसायला लागतात. लोकांना ही जादू वाटे. मला मात्र ते नीट भरलेल्या डब्यासारखं वाटे.

पाच पिनांच्या वायरीत एक खोड आहे. तिच्यात लाल पिना दोन असतात, एक चित्राची, एक आवाजाची. निम्मी माणसं त्या एकमेकींच्या जागी घालतात आणि पडद्यावर हिरवी माणसं बघत बसतात. म्हणून मी विकताना आवाजाच्या लाल पिनेला पांढरा दोरा बांधून देई. "दोरेवाली ताई" हे नाव मला त्यावरून पडलं. साक्रीकडच्या एका आश्रमशाळेतले सर दुकानाचं नाव विसरले, तर बाजारपेठेत "दोरेवाली ताई कुठे बसते" विचारत बरोबर दारात आले होते.

एक गृहस्थ मात्र मी विसरणार नाही. कुठूनसं ऐकून आले होते की सोन्याच्या पिनांची वायर सगळ्यात चांगली. मी दाखवली. त्यांनी ती तळहातावर जोखली.

"खरं सोनं?"

"मुलामा आहे, भाऊ. गंज चढू नये म्हणून. चित्र त्याने फार काही बदलत नाही."

माझ्या खरेपणावर त्यांचा विश्वास बसला नाही. वायर घेतली आणि थेट सराफ बाजारात गेले. जळगावच्या माणसाला सोन्याची परीक्षा करून घ्यायला लांब जावं लागत नाही. तासाभराने परत आले, चेहरा पडलेला.

"ताई, सराफ हसला हो."

"मग घासून बघितलं का त्याने?"

"घासलं ना. आता एक पिन पांढरी पडली."

आबा टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. त्यांना हसू आलं की त्यांचा स्क्रू हरवत असे.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

दुकान बंद व्हायच्या आधीच्या दिवाळीनंतर धरणगावहून एक नाना आले. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेले, उंच, अंगात पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"ताई, येक चांगली वायर द्या. टीव्ही मोठा शे, पन चित्र धुईमा दिखस."

धुईत, म्हणजे धुक्यात दिसतं. मी विचारलं, "कोण खेळतं, नाना? नातू?"

"नही. मनी बायको खेयस."

आबांनी चष्म्यावरून बघितलं. नाना जरा लाजले, पण मग बसले, आणि हळूहळू सगळं सांगितलं.

त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना सीडीवर चालणारं खेळाचं यंत्र घेतलं होतं. तो नोकरीला सुरतेला गेला, यंत्र घरी राहिलं. अक्का, म्हणजे नानांची बायको, दुपारी एकटी असायची. एकदा धूळ पुसताना तिने ते चालू करून बघितलं. त्यात एक बुटका माणूस पळत असतो आणि खड्डा आला की बटण दाबून त्याला उडी मारायला लावायची, एवढाच खेळ. अक्का त्यात अशी तयार झाली की गल्लीतली पोरं अडली की तिच्याकडे येत. "अक्का, एवढा खड्डा पार करून द्या ना." अक्का पदराला हात पुसायची, खड्डा पार करून द्यायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला जायची.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. चालणं काठीने का होईना परतलं, बोलणं थोडं जड झालं, पण उजवा हात नुसता मांडीवर पडून असे. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. अक्काने तो पलंगाखाली लोटला. मग त्या बाईंनाच यंत्र दिसलं आणि त्या म्हणाल्या, हे खेळता? मग हेच खेळा. उजव्या अंगठ्यानेच उडी मारायची.

"आनि मारे ती," नाना म्हणाले. "जुना डबा टीव्हीवर पहिला दोन खड्डा पार करे. अंगठा हालाले लागना व्हता, ताई."

दिवाळीला मुलगा आला. आईसाठी भिंतीएवढा नवा टीव्ही घेऊन आला. जुना डबा टीव्ही दुकानदाराने बदल्यात नेला. नव्या टीव्हीला जुनी वायर लागेना, म्हणून मुलाने मधे एक छोटी पांढरी डबी जोडून दिली आणि सुरतेला गेला. त्या दिवसापासून अक्का पहिल्याच खड्ड्यात पडायला लागली.

"दिखत नही तिले. म्हनीसन पडस," नाना म्हणाले. दिसत नाही म्हणून पडते. साधी, पटणारी गोष्ट होती. मला पटली.

टीव्हीच्या पाठीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. पाच पिनांची सोय होती. ती मधली डबी काढून टाका म्हटलं, ही वायर थेट लावा. दोरा बांधून दिला. संध्याकाळी नानांचा फोन आला. "ताई, काचसारखं चित्र शे! बुटक्याना मिशा दिखतस!" त्या बुटक्याला मिशा आहेत हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी खूश झाले. या धंद्यात असे फोन हाच खरा पगार असतो.

आठवड्याने नाना तीच वायर गुंडाळून घेऊन परत आले.

"परत लई ल्या, ताई. खेयत नही ती आते."

"का? चित्र बिघडलं?"

"चित्र चांगलं शे. त्यानाच घात झाया." नानांनी वायर टेबलावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बोलले. "ती म्हने, आधी वाटे की दिखत नही म्हनीसन पडस. आते बठ्ठं दिखस. तरी पडस. म्हनजे मना हातच गया." आता सगळं दिसतं, तरी पडते, म्हणजे माझा हातच गेला.

डॉक्टरीणबाई आल्या की अक्का भिंतीकडे तोंड करून झोपते. चेंडू नको, खेळ नको, अंगठा हलवायचा नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. आत्ता थांबल्या तर हात असाच राहील.

मी चांगली वायर दिली होती. तिच्यात दोष नव्हता. उलट तिने अक्काच्या हातातली शेवटची सबब काढून घेतली होती. मी ती वायर परत नानांच्या पिशवीत टाकली आणि म्हटलं, चला, मी येते.

"मॅडम, आता घरपोच व्यायामसुद्धा?" आबा म्हणाले. पण लगेच उठून त्यांनीच माझ्या पिशवीत जास्तीच्या पिना, वायरी आणि बॅटरी टाकली. "आणि ते नवीन टीव्ही फार नखरेल असतात," एवढंच म्हणाले.

सुरत लाइनच्या पॅसेंजरने आम्ही धरणगावला गेलो. घर लहान, स्वच्छ. समोरच्या भिंतीवर तो टीव्ही, एवढा मोठा की देवांचे फोटो बाजूच्या भिंतीवर सरकवले होते. टीव्हीच्या कडेला अजून झेंडूची वाळलेली माळ होती. कोपऱ्यात भजनाच्या कॅसेटी ऐकायचा जुना मोठा टेप, त्यावर विणलेला रुमाल. अक्का पलंगावर बसली होती. गोरी, ठेंगणी, डोळे भारी हुशार. उजवा हात ओढणी घडी करून ठेवावी तसा मांडीवर ठेवलेला.

"बठ माय," ती म्हणाली. मी अहिराणीत उत्तर दिलं तशी तिने जरा नीट बघितलं. "तू आमनीच शे काय? मंग हाऊ इंग्रजी वायरीसना धंदा कसा करस?"

"पोट भराले लागस ना, अक्का."

ती एका बाजूने हसली. दुसरी बाजू अजून हसत नव्हती.

मी यंत्र लावलं. चित्र खरंच सुरेख होतं. खेळायला सांगितलं तर अक्काने मान हलवली. मग मीच बसले. माझे दोन्ही हात धडधाकट. बुटका पळाला, खड्डा आला, मी बटण दाबलं, आणि तो सरळ खड्ड्यात गेला.

"तुले सवय नही," अक्का शिष्टाचाराने म्हणाली.

पुन्हा पडला. पुन्हा. मग नानांनी करून बघितलं. तेही पडले. अक्काच्या तोंडून आपसूक निघालं, "आधी दाब ना! खड्डा दिखाना आधी दाब!"

मी विचारलं, "अक्का, जुन्या टीव्हीवर असं आधी दाबावं लागायचं?"

तिने डाव्या हाताने पदर सारखा केला.

"आजारपणानंतर, याच हाताने, जुन्या टीव्हीवर दोन खड्डे पार होत होते. मग तेव्हापासून हात बिघडला, का टीव्ही बदलला?"

तिने दाराकडे बघितलं, जणू मुलगा तिथे उभा होता. मग हळू आवाजात, रागावून म्हणाली, "आंडोरनी दिधेल वस्तूले कोनी नाव ठेवस का?"

मुलाने दिलेल्या वस्तूला कोणी नाव ठेवतं का. मुलांनो, त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. तिला पहिल्या दिवसापासून काहीतरी खुपत होतं. पण मुलगा एवढ्या लांबून, एवढ्या हौसेने टीव्ही घेऊन आला, गल्लीला पेढे वाटले. त्या टीव्हीत दोष काढण्यापेक्षा आपल्या हाताला दोष देणं तिला सोपं गेलं. आणि मग हळूहळू तिचा त्यावर विश्वासही बसला.

आता मला ते सिद्ध करायचं होतं, आणि तेही अशा रीतीने की मुलाचा अपमान होणार नाही. तोंडाने सांगून उपयोग नव्हता. अक्काने ते बघायला हवं होतं. बघायला नाही, ऐकायला.

मी टीव्हीतून आवाजाच्या दोन पिना काढल्या, पांढरी आणि दोरा बांधलेली लाल. टेपवरचा रुमाल बाजूला केला, पाठीमागे "इन" लिहिलेलं शोधलं, पिना तिथे खोचल्या. म्हणजे चित्र टीव्हीतून येणार, पण आवाज यंत्रातून निघून थेट टेपमध्ये. टीव्हीच्या पोटात तो जाणारच नाही.

"अक्का, आता खेळायचं नाही. नुसतं दाबायचं. तेही टीव्हीकडे न बघता. अंगठ्याकडे बघा."

नानांनी खेळाचा रिमोट तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचा उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला. अंगठा थरथरला. खाली गेला.

टुण्ण, टेप वाजला.

"परत."

टुण्ण. अंगठा खाली, आवाज लगेच. मधे श्वासाचंसुद्धा अंतर नाही. तिने पुन्हा दाबलं, कोणी न सांगता. टुण्ण. टुण्ण. ती आपल्या अंगठ्याकडे अशी बघत होती, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा आणि पहिल्यांदाच घरी आलेला असावा.

"नाना, आता तुम्ही टीव्हीकडे बघा. अक्का, दाबा."

टुण्ण. आणि मग बुटक्याने उडी मारली.

"आवाज आधी!" नाना ओरडले. "आवाज आधी, उडी मंग!"

तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. या घरात उलटं चाललं होतं. गडगडाट वेळेवर येत होता, वीजच उशिरा चमकत होती. आधी कोणाला कळलं नाही, कारण आवाजही टीव्हीतूनच येत होता आणि तोही चित्राइतकाच रेंगाळत होता. दोघे उशिरा आले की उशीर कळत नाही.

अक्काने मान वर केली. पुन्हा एकदा दाबलं, आता टीव्हीकडे बघत. तिने ते पाहिलं. तिच्या तोंडाची चालती बाजू थरथरली, मला वाटलं आता रडते. आणि ती अशी काही हसली की शेजारीण दारात आली.

"म्हनजे मी आयशी नही! टीव्ही आयशी शे!"

आयशी, म्हणजे आळशी. नाना पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी वायरींकडे बघत राहिले. अशा वेळी वायरींचा फार आधार असतो.

टीव्ही आळशी नव्हता, हेही मी सांगायला हवं. नवे टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाहीत. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात नाही का, मुलीला आत नटवून, पावडर लावून, गजरा माळून मग बाहेर आणत. तसा तो प्रत्येक चित्राला आत बसवून नटवतो. रंग भडक करतो, कडा रेखीव करतो. एका चित्राला डोळा मिटण्याइतका वेळ लागतो. सिनेमा बघणाऱ्याला त्याचं काही नाही. पण जिचा अंगठा आधीच कष्टाने खाली जातो, तिला तेवढ्याने खड्ड्यात पाडायला पुरतं. हा सगळा नट्टापट्टा बंद करायची सोय टीव्हीच्या सेटिंगच्या यादीत आत कुठेतरी असते, "गेम" अशा नावाने. ती सापडेपर्यंत नानांनी दोनदा चहा केला. सोय चालू केल्यावर चित्र किंचित फिकं दिसायला लागलं. बुटक्याच्या मिशा मात्र राहिल्या.

उशीर पुरता गेला नाही. जुन्या डबा टीव्हीइतका वेळेवर हा टीव्ही कधीच येणार नव्हता. पण आवाज मी टेपवरच ठेवला, आणि अक्का कानाने खेळायला लागली. त्या दुपारी ती पुष्कळदा पडली. प्रत्येक वेळी म्हणायची, "आखो येकदाव लाव." पुन्हा एकदा लाव. आता पडणं निराळं होतं. आता ती टीव्हीला शिव्या देत पडत होती.

निघताना नानांनी मला दारात गाठलं.

"पोऱ्याले काय सांगानं?"

"सांगा, टीव्ही झकास आहे. फक्त त्याची पावडर पुसली."

तेवढ्यात आतून अक्काचा जड आवाज आला, "खरं सांगा त्याले! मीच सांगस. मोठा व्हई गया तो, रडाव नही."

तिने त्याच दिवशी सांगितलं. तो रडला नाही असं नाना म्हणाले. पण पुढच्या वेळी सुरतेहून येताना भंगारवाल्याकडून शोधून एक जुना डबा टीव्ही घेऊन आला. अक्काने तो ठेवून घेतला नाही. "आते याचीच सवय व्हई गयी," म्हणाली. शेजाऱ्यांना देऊन टाकला.

इतकी वर्षं मी लोकांना स्वच्छ चित्र विकलं. कोण बघतं, कशासाठी बघतं, हे विचारायची सवय मला उशिरा लागली. आधी लागली असती तर काही माणसं माझ्या दारातून जरा वेगळी परत गेली असती, असं आता वाटतं. दुकानात घाई असते, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, हे सगळं खरं. तरीही.

आणि आता घरातली एक गोष्ट. तुमच्या बाबांनी आबांसाठी जे कानाचं यंत्र पाठवलं ना, ते आबा फोनवर फार नावाजतात. प्रत्यक्षात ते शिट्टी मारतं. आबा ते काढून कपाटात ठेवतात आणि मला सांगतात, "यंत्र उत्तम आहे गं, माझे कानच संपले." मी हा लेख त्यांना न दाखवता छापायला दिला आहे. तुमच्या बाबांनी तो वाचावा आणि कुठलं बटण बंद करायचं ते कळवावं.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. खणातल्या बहुतेक वायरी भंगारात गेल्या. त्यांच्यातलं तांबं एव्हाना दुसरीकडे कुठेतरी असेल. पाच पिनांची वायर कोणी मागत नाही, आणि नव्या टीव्हींना ती लागतही नाही. धरणगावला मी अधूनमधून जाते. तिथलं यंत्र चालतं. आवाज अजून टेपवरूनच येतो. अक्काला भाकरी थापता येत नाही; ती नाना थापतात आणि जाड थापतात. तिची उजवी मूठ पुरती मिटत नाही. अंगठा चालतो.